‘अभिनेता झाला’ म्हणजे काय झाला?

मराठी रंगभूमी आणि चित्रपट ह्यांविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून एक वाक्य अगदी सहज उतरते : ‘हा नट आरंभी लोकनाट्यातला सोंगाड्या होता, पुढे तो अभिनेता झाला.’ वाक्य दिसायला गोमटे आहे. त्यात कौतुक आहे, किंचित नवल आहे, आणि एका माणसाच्या उत्कर्षाची हकीकत कानी पडल्याचे समाधानही आहे. आमचा आक्षेप त्यातल्या ‘झाला’ ह्या एका क्रियापदावर आहे. जे आधी नव्हते ते नंतर झाले, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. मग वर्षानुवर्षे ढोलकीच्या थापेवर उभा राहून, भुवईच्या एका हालचालीने समुदायाला हसविणारा आणि दुसऱ्या हालचालीने त्यास गप्प बसविणारा तो माणूस तोवर कोण होता? ह्या क्रियापदाच्या पोटी उच्चासनावरून केलेल्या उपकाराची भाषा दडलेली आहे. ती बोलणाऱ्यांना तिची दखलही नसते, हे त्याहून वाईट.

हा वाद पुण्यामुंबईच्या जाणकारांनी घालावा. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही त्यात पडतो, कारण त्याची झळ आम्हांस लागते. एकोणीसशे सत्तरच्या दशकात आकारास आलेले हे क्षेत्र लहान कारखान्यांचे आहे. यंत्रांचे सुटे भाग, साचे, मुलामा देण्याची कामे, तयार कपडे असे नाना उद्योग येथे गल्लोगल्ली चालतात. ज्या तुमकूर रस्त्याच्या काठाने ते पसरले आहे तोच रस्ता पुढे बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सातारा करीत पुण्याला जातो. त्याच रस्त्याने आम्ही इकडे आलो. आमच्यापैकी कोणी दासरहळ्ळीत राहतो, कोणी लग्गेरेत. येताना आम्ही पोथी आणि हंडाकळशी आणली, तशीच गावच्या जत्रेतल्या वगाची आठवणही आणली. परंतु ह्या शहरात मराठी कार्यक्रमांची यादी निघते तेव्हा संगीत नाटक असते, नाट्यपदांची मैफल असते, कौटुंबिक तीन अंकी नाटक असते. वगाचे नाव काढले की मात्र आयोजकांच्या चेहऱ्यावर आठी उमटते. ‘आपल्याकडे सहकुटुंब येतात हो मंडळी,’ एवढे म्हणून विषय मिटविला जातो. जणू आम्हांला कुटुंबेच नाहीत!

आणि हीच मंडळी निळू फुले ह्यांचे नाव निघाले की हात जोडतात. म्हणून त्यांच्याच कारकिर्दीचा हिशेब मांडून पाहू.

निळू फुले ह्यांचा जन्म १९३० सालचा. पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला. ह्या कलापथकांना आजच्या भाषेत ‘हौशी’ म्हणून सोडून देणे हा अज्ञानाचा प्रकार होय. पु. ल. देशपांडे ह्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले ते अशाच कलापथकासाठी. तिकडे मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावाला वगाच्या ढंगाने राजकारण शिकविले होते. कामगाराला आणि शेतकऱ्याला हसवीत हसवीत विचार करावयास लावणे हे ह्या सर्वांचे काम होते, आणि ते काम अभिनयाशिवाय होत नाही. शंकर पाटील ह्यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या लोकनाट्याने निळूभाऊंचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्याच जोरावर त्यांस अनंत माने ह्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ ह्या १९६८ सालच्या चित्रपटात झेलेअण्णाची भूमिका मिळाली. पुढचे सर्वांस ठाऊक आहे : १९७२ साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’, पुढे पडद्यावर ‘सामना’ आणि १९७९ साली ‘सिंहासन’. १३ जुलै २००९ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा थोर अभिनेता गेला असे सर्वांनीच म्हटले. ते खरेच होते. मात्र तो अभिनेता कोणत्या तारखेस जन्मला, हे कोणी सांगत नाही.

समीक्षक ती तारीख ‘सामना’च्या आसपास धरतात. चित्रपट होता विजय तेंडुलकर ह्यांच्या लेखणीचा आणि जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाचा. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात निळूभाऊंनी साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील उभे केले. आता हा हिंदुराव नीट न्याहाळावा. त्याचा आवाज चढत नाही. तो समोरच्याला बोलू देतो, मध्येच थांबतो, आणि त्या थांबण्यात समोरच्याचा धीर सुटतो. हे थांबणे निळूभाऊ कोठे शिकले? तेंडुलकरांच्या संहितेत शब्द होते; शब्दांमधली पोकळी किती लांबवावी हे कोणतीही संहिता सांगत नाही. ते शिकावयाचे ठिकाण एकच : बतावणी. वगाच्या आधी जी बतावणी चालते तीत सोंगाड्याला लिहिलेले वाक्य बहुधा नसतेच. सरदार प्रश्न टाकतो, सोंगाड्या उत्तर देतो, आणि ते उत्तर नेमक्या कोणत्या क्षणी द्यावे हे तो समोरच्या हजार माणसांच्या श्वासावरून ठरवितो. क्षणभर आधी बोलला तर हशा मरतो. क्षणभर उशीर झाला तर मागच्या रांगेतला गडी बोलून जातो. अशी शेकडो रात्रींची तालीम ज्याने केली त्याला ‘सामना’तले मौन नव्याने शिकावे लागले असेल, हे आम्हांस पटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लोकनाट्याचे नेहमीचे गिऱ्हाईक कोण? गावचा पाटील, सरपंच, पुढारी, सावकार. सोंगाड्याने त्यांची चाल उचलावी, बोलणे उचलावे, त्यांच्या मोठेपणातला पोकळपणा चव्हाट्यावर मांडावा, अशी ह्या खेळाची रीत. थट्टा करावयाची म्हणजे आधी माणूस आतून ओळखावा लागतो. सत्तेचा लोभ आवाजात कसा उतरतो, खोटा आदर मानेच्या कोणत्या झुकण्यात असतो, हे ज्याने हसे पिकविण्यासाठी टिपून ठेवले, त्यानेच पुढे त्यातले हसे काढून घेतले. हसे काढून घेतल्यावर उरली ती भीती. हिंदुराव हा लोकनाट्यातलाच पुढारी आहे. फक्त त्याच्याभोवतीचा हशा कोणीतरी अचानक बंद केला आहे. म्हणून तो इतका भयंकर वाटतो. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या निळूभाऊंना खरोखरचा दुष्ट माणूस समजत, ही गोष्ट पुष्कळदा गंमत म्हणून सांगितली जाते. आम्ही तिला साक्ष मानतो. ज्या प्रेक्षकांत ते वाढले त्याच प्रेक्षकांनी दिलेली ती पावती होती.

‘सिंहासन’ची गोष्टही अशीच. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी रचलेल्या ह्या चित्रपटात निळूभाऊ दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. मंत्र्यांच्या डावपेचांचा तो साक्षी. बहुतेक वेळ तो पाहतो, ऐकतो, सिगारेट ओढतो. आणि शेवटी हसत सुटतो. वेड्यासारखे हसतो. मराठी चित्रपटात इतके विदारक हसणे क्वचितच ऐकू आले असेल. हे हसणे ज्याला सोपविले तो हसण्याच्या धंद्यात मुरलेला माणूस होता, हा काय योगायोग म्हणावा? हसे कोठून उगम पावते आणि कोठे फुटते हे ठाऊक असलेल्या माणसालाच ते उलटे फिरविता येते. सखारामाचेही तेच. ह्या नाटकाने परिनिरीक्षण मंडळापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वादळ उठविले. परंतु वादळाच्या मध्यभागी जो सखाराम उभा होता तो कमलाकर सारंगांना एखाद्या प्रतिष्ठित नाट्यसंस्थेत सापडला नाही. लोकनाट्याच्या फडात वाढलेला नटच त्यांना त्यासाठी लागला.

आता आमच्या प्रतिपक्षास एक साधा प्रश्न. ‘सामना’त हिंदुरावासमोर मास्तर म्हणून उभे होते ते डॉ. श्रीराम लागू. ते कान-नाक-घशाचे शल्यवैद्य. वैद्यकी सोडून ते रंगभूमीवर आले. त्यांच्याविषयी लिहिताना आपण ‘डॉक्टर होते, पुढे अभिनेता झाले’ असे लिहितो, आणि ते वाक्य वाचताना आपला ऊर त्यागाच्या कल्पनेने भरून येतो : एवढी प्रतिष्ठेची वैद्यकी, आणि ती सोडली! सोंगाड्याच्या बाबतीत तेच वाक्य लिहिले की ऊर भरून येतो तो उद्धाराच्या कल्पनेने : कोठून निघाला, आणि कोठे पोहोचला! वाक्य एकच, क्रियापद एकच. पण एकजण वरून खाली उतरल्याचा मान मिळवितो, आणि दुसरा खालून वर चढल्याची शाबासकी. वस्तुतः नाटकाच्या दृष्टीने पाहता वैद्यकी हीच परकी विद्या. सोंगाड्याची विद्या घरची. लागूंनी स्वतः असा भेद केल्याचे आम्हांस ठाऊक नाही. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी हे दोघेही खांद्याला खांदा लावून रंगमंचावर उभे राहिले. भेद आहे तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत, आणि त्याला अभिनयाचे ज्ञान नव्हे, जातिकुळीची सवय कारण आहे.

हा रोग एकट्या मराठी माणसाचा आहे असे मात्र नाही. इंग्लंडात एकेकाळी ‘व्हरायटी’ नावाचे करमणुकीचे खेळ चालत. गाणे, नाच, जादू आणि एकट्याने उभे राहून हसविणारा विदूषक अशी ती मिसळ असे. दूरचित्रवाणी आली आणि ती नाट्यगृहे एकामागून एक ओस पडली. त्या जगातल्या एका थकल्याभागल्या विदूषकावर जॉन ऑसबर्न ह्यांनी ‘दि एंटरटेनर’ हे नाटक लिहिले. १९५७ साली ती भूमिका केली सर लॉरेन्स ऑलिव्हिए ह्यांनी, आणि केवढा जयजयकार झाला! उमरावी थाटाच्या नटाने विदूषकाचे सोंग घेतले म्हणजे ती कला ठरते. त्याच काळात खराखुरा व्हरायटीचा विदूषक मॅक्स वॉल हयात होता. १९०८ साली जन्मलेला, उभी हयात लोकांना हसविण्यात घालविलेला. त्याला ती भूमिका मिळावयास १९७४ साल उजाडावे लागले. पुढे हाच वॉल सॅम्युअल बेकेटच्या नाटकांतून उभा राहिला, आणि तेथल्या टीकाकारांना शोध लागला की विदूषक ‘गंभीर अभिनेता झाला’. खरी गोष्ट उलटी होती. १९५३ साली पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या बेकेटच्या ‘गोदो’तल्या त्या दोन भटक्यांचे टोप्यांची अदलाबदल करीत बसणे हे विदूषकांच्याच पेटाऱ्यातून आलेले. म्हणजे नवे गंभीर नाटक जेव्हा थकले, तेव्हा ते विदूषकाच्या दारी उसनवारीस गेले. आणि विदूषक त्या नाटकात शिरला तेव्हा त्यालाच सांगण्यात आले की, बाबा रे, तुझी बढती झाली!

इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. पीण्याहून ह्याच रस्त्याने तुमकूर गाठावे आणि तेथून थोडे पुढे वळावे, की गुब्बी लागते. १८८४ साली ह्या गावात निघालेल्या नाटक मंडळीची धुरा पुढे गुब्बी वीरण्णा ह्यांनी वाहिली आणि कन्नड रंगभूमीचे वैभव उभे केले. हे वीरण्णा कोणत्या भूमिकांसाठी घरोघरी ठाऊक होते? राजाच्या नव्हेत. ‘सदारमे’ नाटकातला त्यांचा चोर, लोकांना लोटपोट करणारा, हा त्यांचा मानदंड. मंडळीचा मालक स्वतः हसविणारा नट. त्याच्याच छायेत राजकुमार वाढले, नरसिंहराजू वाढले, जी. व्ही. अय्यर वाढले. आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह बंगळूरच्या गांधीनगरात उभे आहे. ज्या कानडी शेजाऱ्यांबरोबर आम्ही एका डब्यातून पीण्याला उतरतो, त्यांना आपल्या थोर नाट्यपुरुषाच्या विनोदाची लाज वाटत नाही. आम्हां मराठी माणसांना मात्र आमच्या सोंगाड्याचे नाव घेताना त्याच्या पुढच्या भूमिकांचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

‘परंतु लोकनाट्यात अश्लीलता असते त्याचे काय?’ हा प्रतिपक्षाचा हुकमी एक्का. तो आम्ही टाळणार नाही. द्वयर्थी बोलण्यावर सगळा खेळ तोलून धरणारे फड आहेत, आणि ते आम्हांसही कंटाळवाणे वाटतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या लोकनाट्यात १९६५ पासून धमाल उडविणारे दादा कोंडके हे गिरणगावच्या नायगावातले, तेही सेवा दलाच्या मुशीतले. १९७१ सालच्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाने त्यांना लोकांनी डोक्यावर घेतले. पुढच्या चित्रपटांत त्यांचा विनोद पुष्कळदा दुहेरी अर्थाच्या एकाच खुंटीवर टांगला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ह्यावरून काय सिद्ध होते? एखाद्या कसबी माणसाने आपल्या कसबाचा सोपा भाग वारंवार वापरला, इतकेच. वाईट कौटुंबिक नाटके थोडी का झाली? खोट्या अश्रूंची, फुगविलेल्या पदांची, तिसऱ्या अंकात सर्वांचे हृदयपरिवर्तन घडविणारी किती नाटके आमच्याच मंडळांनी हौसेने केली! त्यांवरून ‘तीन अंकी नाटक हा प्रकारच हीन’ असा ठराव कोणी मांडला नाही. वगाला लावलेली कसोटी नाटकाला लावावयाची नाही, आणि वर सभ्यतेचे नाव घ्यावयाचे, हा न्याय नव्हे.

शिवाय आमच्या चित्रपटांनीही ह्या दृष्टीची चांगलीच जोपासना केली आहे. व्ही. शांताराम ह्यांच्या १९७२ सालच्या ‘पिंजरा’त आदर्श मास्तर तमाशाच्या नादी लागून धुळीस मिळतो. चित्रपट प्रभावी होता, निळूभाऊही त्यात होते. तरी त्याने प्रेक्षकाच्या मनावर जे चित्र ठसविले त्यात तमाशा म्हणजे घसरण, आणि मास्तर म्हणजे उंची. ह्या चित्राला पुढे उत्तर मिळाले ते ‘एक होता विदूषक’ ह्या १९९२ सालच्या चित्रपटाने. पु. ल. देशपांडे ह्यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनीच दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांनी फडातून निघून चित्रपटाचा तारा बनलेला सोंगाड्या रंगविला. येथे वर चढलेला माणूस काहीतरी गमावतो, आणि जे गमावतो ते फडात मागे राहिलेले असते. आणि लोकांची रीत पाहा! बेर्डे ह्यांच्याविषयीही हेच बोलले गेले : ‘शेवटी त्यांच्यातला अभिनेता दिसला.’ आधीची सारी वर्षे प्रेक्षकांनी डोळे मिटून हसण्यात घालविली होती काय?

हा सारा खटाटोप एका शब्दासाठी, असे कोणी म्हणेल. शब्द लहान आहे. त्याने लोटलेली दारे लहान नाहीत. ज्या क्षणी सोंगाड्या हा ‘अजून अभिनेता न झालेला’ माणूस ठरतो, त्याच क्षणी त्याच्या खेळाला नाट्यगृह नाकारता येते, त्याची बिदागी निम्म्यावर आणता येते, आणि त्याला ‘लोककला’ ह्या नावाखाली वर्षातून एकदा, पाहुण्यांच्या भाषणांच्या मधल्या दहा मिनिटांत, उभे करता येते. तेवढ्यावरच हे थांबत नाही. जो प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करतो तोही ‘अजून रसिक न झालेला’ ठरतो. दिवसभर लेथवर उभा राहून संध्याकाळी कार्यक्रमाला आलेला निपाणीचा गडी, तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर वाकलेली त्याची बायको, ह्यांना मागच्या खुर्च्यांवर बसून असे नाटक पाहावे लागते की ज्यात त्यांच्यासारखा माणूस येतो तो केवळ चहाचा कप घेऊन. मग एक दिवस ती येईनाशी होतात. त्यांची मुले कानडी शाळेत शिकतात आणि उत्तम कानडी बोलतात, ह्याचा आम्हांस आनंद आहे. पण त्यांच्या घरातली मराठी जर मरेल, तर ती कानडीमुळे मरणार नाही. त्या मराठीतून हसण्याची सोय आम्ही बंद केली, म्हणून मरेल.

ज्यांना पीण्याच्या कारखान्यांचे काम ठाऊक आहे त्यांना आमचे म्हणणे एका उदाहरणाने कळेल. फिटरचे काम शिकणाऱ्या पोराच्या हाती पहिल्याने कानस देतात. महिनोगणती तो लोखंडाचा तुकडा घासतो. चार बाजू सपाट आणि काटकोनात येईपर्यंत घासतो. पुढे तोच पोर साच्याची केसाएवढी चूक बोटाने ओळखतो. त्याच्याविषयी कोणी म्हणते काय, की हा आधी नुसता घासणारा होता, पुढे फिटर झाला? जो हात साचा बसवितो तो घासणाराच हात आहे. घासणे हे त्याच्या कारागिरीच्या खाली उरलेले जोते नव्हे. प्रत्येक वेळी साचा बसविताना ते त्याच्या बोटांत हजर असते. निळूभाऊंचा सोंगाड्या त्यांच्या हिंदुरावात असाच हजर होता.

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. निळू फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या मंडळांनी पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात एक संपूर्ण वग घ्यावा : गणापासून गवळणीपर्यंत आणि बतावणीपासून शेवटापर्यंत, काटछाट न करता. तो नाटकाच्याच दराने तिकीट लावून करावा, कलावंतांना नाटकाचीच बिदागी द्यावी, आणि पत्रिकेवर ‘लोककला दर्शन’ असले काही न छापता वगाचे आणि त्यातल्या नटांचे नाव छापावे. त्यासाठी शहरातले वातानुकूल सभागृह मिळत नसेल तर आम्ही जागा सुचवितो. खंडेनवमीला, ज्याला इकडे आयुधपूजा म्हणतात, पीण्यातला प्रत्येक कारखाना धुऊन पुसून स्वच्छ होतो. यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात आणि त्या संध्याकाळी एकही यंत्र चालत नाही. तशी एखादी शेड रिकामी करून मिळविण्याचे काम आमच्याकडे लागले. ढोलकी, हलगी आणि तुणतुणे घेऊन फड तेवढा बोलवा. आणि सोंगाड्या पहिले वाक्य बोलून क्षणभर थांबेल तेव्हा त्या थांबण्याकडे लक्ष ठेवा. अभिनेता केव्हा झाला, हे मग आम्हांस येऊन सांगा.